मुकादम यंदा आलाच नाही

गेल्या साली पोळा झाला आणि गणपती बसायच्या आत मामांचा फोन आला. एरवी त्यांचा फोन म्हणजे पोराच्या फॉर्मचं काहीतरी, नाहीतर पीकविम्याचा मेसेज आलाय त्यात काय लिहिलंय ते सांग. ह्या टायमाला आवाज जरा वेगळा होता. म्हणले, "मुकादम फिरकलाच नाही रे अजून. फोन लावला तर म्हणतो बघू, कारखान्याला मशिनी वाढल्यात, निम्मेच कोयते न्यायचेत." मी म्हणलं, मग बरंच झालं की मामा, सुटला तुम्ही. तर ते जरा वेळ गप्पच राहिले आणि मग म्हणले, "सुटलो खरं. पण उचल नाही आली तर पोरीच्या कॉलेजचं कसं करायचं?"

ज्यांना ही दुनिया माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बीड, पाथर्डी, शेवगाव, जालन्याचा काही भाग, परभणी, ह्या पट्ट्यातनं दरवर्षी दसरा-दिवाळी झाली की लाखो माणसं बायकापोरांसकट, भांड्याकुंड्यांसकट ट्रकात नाहीतर ट्रॅक्टरात बसून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरकडं आणि थेट कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. एकटा गडी असला तर अर्धा कोयता. मुकादम म्हणजे तोडणीची टोळी जमवणारा ठेकेदार. तो पावसाळ्यात येतो, कोयत्यामागं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो, पन्नास हजार, ऐंशी हजार, लाख, जशी ओळख आणि जशी गरज, आणि मग सीझनभर राबून ती फेडायची. फिटली तर ठीक, नाही फिटली तर अंगावर बाकी घेऊन पुढच्या वर्षी परत त्याच मुकादमाकडं. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे सीझन संपला, की गावाकडं.

आता 'टेक्नॉलॉजीमुळे नोकऱ्या जातात का' ह्यावर आपल्याकडं जी चर्चा चालते ना, त्यात दोन पार्ट्या ठरलेल्या आहेत. एक पार्टी म्हणते एआय सगळं खाणार, पोरांना आता भीकच मागावी लागणार. दुसरी म्हणते अरे काही होत नाही, बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा पण हेच बोंबलत होते, झालं का काही? मला दोन्हीकडच्यांचं म्हणणं कळतं पण मामांच्या फोनपासून एक गोष्ट डोक्यातनं जात नाही, ती म्हणजे नोकरी जायला ती आधी कुठंतरी लिहिलेली असावी लागते. मामांना कोणी कामावरनं काढलेलं नाही. नोटीस नाही, हिशोब नाही, शेवटचा पगार नाही. मुकादम आला नाही, एवढंच. आपल्याकडं मशीन बहुतेक वेळा अशीच येते, माणसाला हाकलत नाही, फक्त पुढच्या वर्षी बोलवायचं बंद होतं. आणि मग कुठल्याच आकड्यात ते दिसत नाही.

आधी एक क्लिअर करतो. मी काही कोयत्याच्या बाजूने रडणारा माणूस नाही. लहानपणी एका उन्हाळी सुट्टीआधी आईबरोबर मामांना भेटायला फडावर, म्हणजे ऊसतोड चालू असलेल्या रानात, गेलो होतो, ते अजून आठवतं. उसाच्या पाचटाची आणि ताडपत्रीची कोपी, आत शिरायला वाकावं लागायचं. मामी पहाटे चारला उठून भाकरी थापत होती, अंधारातच फडात गेले दोघं, मामा खालनं सपासप तोडत पुढं जायचे आणि मामी मागं वाढं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, छाटून मोळी बांधायची, मग ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं चालत ट्रकात चढवायची. ती फळी वीतभर रुंद. दिवसभर असं करून एक कोयता दीड-दोन टन तोडतो. जानेवारी २०२४ मध्ये संप-वाटाघाटी होऊन तोडणीचा दर ३४ टक्के वाढला, टनाला २७३ चा ३६६-६७ झाला, म्हणजे आता आता कुठं दोघांना मिळून दिवसाचे साडेपाचशे ते सव्वासातशे पडतात, तेही उचलीत वळते होतात.

आणि खाडा. हा शब्द नीट ऐका. एक दिवस आजारी पडला, पाळी आली, बाळंतपण झालं, काम बुडलं की मुकादम खाडा लावतो, म्हणजे उलटा दंड. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या सगळीकडं गाजल्या तेव्हा नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, ८२ हजाराच्या वर बायकांचा सर्वे झाला आणि त्यात १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. त्या सगळ्यांच्या मागं एकच कारण नसेल, डॉक्टरांचा धंदाही होता, पण खाडा हा शब्द त्या बायकांच्या बोलण्यात परत परत येत होता. तर मुकादमाच्या वहीत हजेरी नसते पण खाडा असतो. तुम्ही आलात ते कोणी लिहीत नाही, आला नाहीत ते बरोब्बर लिहिलं जातं. असलं काम मशीनने केलं तर मला काडीचं वाईट वाटणार नाही, हे काम जगातनं गेलंच पाहिजे.

मशीन का आली हेही समजून घेतलं पाहिजे, नाहीतर आपण उगाच कारखानदाराला शिव्या घालून मोकळे होतो. उसाचा शेतकरी टोळीपुढं हात जोडून उभा असतो. तोड वेळेवर आली नाही तर उसाला तुरे येतात, वजन घटतं, रान मोकळं होत नाही म्हणजे पुढचं पीक गेलं. मग टोळीवाले 'खुशाली' मागतात, एकरी इतके द्या तरच कोयता लावतो, वरनं ट्रॅक्टरवाल्याची एंट्री, म्हणजे खेपेमागं वरचे पैसे, वेगळी. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाहतूकदारांचं तर त्याहून वाईट, मुकादमाला लाखो रुपये उचल द्यायची आणि सीझनला मुकादम टोळीसकट गायब, फोन बंद. घर-ट्रॅक्टर गहाण टाकलेली माणसं त्यात बुडाली आहेत. आणि तिसरं म्हणजे पोरं जात नाहीत आता. ज्यानं बापाबरोबर कोपीत थंडी काढलीय तो पुण्यात डिलिव्हरी करील, हॉटेलात राहील, पण कोयता धरणार नाही, आणि बरोबर आहे त्याचं. म्हणजे माणूस मिळत नाही म्हणून मशीन आणि मशीन आली म्हणून माणूस नको, ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. फक्त ज्याला पोटासाठी जावंच लागतं तो मधे सापडतो. पोरं शहरात गेली, पंचेचाळिशी-पन्नाशीचे आईबाप राहिले.

मशीनचं पण सगळं गोड नाही हां. तिला सरीतलं अंतर साडेचार-पाच फूट लागतं, रान मोठं लागतं, ऊस लोळलेला असला की अडकते, पाऊस झाला की चिखलात शिरत नाही. बांधावरच्या अर्धा एकरवाल्याकडं ती वळूनही बघत नाही. तोडते ती कांड्यांचे तुकडे करून, पाला उडवून देते तरी थोडं पाचट जातंच, म्हणून कारखाना वजनात काही टक्के वजावट धरतो आणि त्यावरनं शेतकरी-कारखाना भांडण वेगळंच. आणि वाढं राहत नाही. हे शहरातल्या माणसाला कळणार नाही पण वाढं म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या तोंडाला गुरांचा चारा, तोडणीवाली बाई संध्याकाळी त्याच्या पेंढ्या बांधून विकायची, तेवढाच पैसा जो उचलीत वळता व्हायचा नाही, थेट तिच्या हातात पडायचा. मीठमिरची, पोराचं औषध, बांगड्या त्याच्यातनं. मशीन वाढं बारीक करून रानात पसरते. जमिनीला खत होतं म्हणे, चांगलंच आहे, पण त्या बाईच्या हातातला पैसा गेला तो कुठल्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये मोजला असेल का कोणी?

आता जरा हिशोब करू, माझं पोट हिशोबावरच चालतं. ऊसतोडणी यंत्राला सरकार अनुदान देतं, किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख, जे कमी असेल ते. राज्यात ९०० यंत्रांसाठी ही योजना काढली. यंत्राची किंमत कोटाच्या घरात, त्यामुळे ३५ लाख धरू. चांगलं रान मिळालं तर एक यंत्र दिवसाला शंभर टन सहज काढतं. एक कोयता दोन टन. म्हणजे एका यंत्रामागं पन्नास कोयते, शंभर माणसं. ३५ लाखाला ५० नी भागा. सत्तर हजार रुपये. माझ्या मामांना मुकादम जेवढी उचल द्यायचा साधारण तेवढेच! म्हणजे सरकारनं एका जोडप्याला घरी बसवायला बरोबर त्याच्या एका वर्षाच्या उचलीइतका पैसा खर्च केला, फक्त तो त्या जोडप्याला न देता यंत्र घेणाऱ्याला दिला. यंत्र घेणारा कोण, तर ज्याला उरलेल्या साठ-सत्तर लाखाचं कर्ज बँक देते तो. ९०० यंत्रं धरली तर पंचेचाळीस हजार कोयते, नव्वद हजार माणसं. कच्चा हिशोब आहे माझा, यंत्र काही रोज शंभर टन काढत नाही, मधे बंद पडतं, पार्ट मिळत नाही, पण निम्म्यावर आणला तरी आकडा बारका नाही.

अनुदान देऊ नका असं मी म्हणत नाही. पण एखाद्या कंपनीनं नव्वद हजार माणसं काढली असती तर टीव्हीवर आठवडाभर तेच चाललं असतं. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं २ टक्के माणसं कमी करणार म्हणून सांगितलं, १२ हजारांच्या वर, तर हिंजवडीपासून दिल्लीपर्यंत गदारोळ झाला, आणि व्हायलाच पाहिजे होता. पण तो का झाला? कारण त्या १२ हजारांना एम्प्लॉयी नंबर होता.

हा नंबर असणं-नसणं किती मोठी गोष्ट आहे ते आपल्या मुंबईनंच दाखवलंय. १९२८ ला गिरण्यांमध्ये सहा महिने संप झाला, दीड लाख माणूस रस्त्यावर, तेव्हा भांडणाचा एक मोठा मुद्दा हाच होता की मालकांना एका विणकराकडनं दोनाऐवजी तीन माग चालवून घ्यायचे होते, म्हणजे कमी माणसात जास्त कापड. त्याला तेव्हा रॅशनलायझेशन म्हणायचे, आज ऑटोमेशन म्हणतात. पुढं १९८२ चा संप, अडीच लाख कामगार, त्यात गिरण्या बसल्या त्या काही मशीनमुळं नाही, कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागावर निघून गेलं आणि मालकांना गिरणीपेक्षा गिरणीखालची जमीन जास्त दिसायला लागली. हरले ते कामगार, पार हरले. तरीपण त्यानंतर तीस वर्षांनी म्हाडाची घरांची लॉटरी निघाली तेव्हा १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामावर असलेला गिरणी कामगार किंवा त्याचा वारस अर्ज करू शकला, आणि सगळे मिळून दीड लाखाच्या वर अर्ज आले. कशाच्या जिवावर? तिकीट नंबर, हजेरीकार्ड, पगाराची पावती, ईएसआयचा कागद. लोकांनी कोकणातल्या घरात, पत्र्याच्या पेटीत, देवघराच्या मागं ते कागद जपून ठेवलेले. घरं मिळाली ती फार थोड्यांना, अजून आंदोलनं चालूच आहेत, ते सगळं मान्य. पण मागायला काहीतरी हातात होतं. मामांच्या पेटीत काय आहे? पंचवीस सीझन तोडणी केली त्यांनी, एक चिठ्ठी नाही.

आणि बँकेचं उदाहरण जे सारखं देतात ना, 'झालं का काही', त्याचं उत्तर पण इथंच आहे. काही झालं नाही कारण काही होऊ दिलं नाही. ऐंशीच्या दशकात बँकेच्या युनियन काही ऐऱ्यागैऱ्या नव्हत्या. १९८३ ला बँका आणि युनियनचा करार झाला, मशीन कुठं लावायची, कशाला लावायची, ह्याच्या अटी लिहून. मग १९८४ ला बँकांतल्या कॉम्प्युटरवर नेमलेल्या रंगराजन समितीचा अहवाल, मग १९९३ ला परत करार. दहा-पंधरा वर्षं खेचाखेच करून कॉम्प्युटर आला. तेव्हा लोक युनियनला हसायचे, देश मागं ठेवतायत म्हणून, आणि काही बाबतीत ते खरंही असेल, काउंटरवर लेजर शोधत बसलेला क्लार्क मी पण बघितलाय. पण त्या वेळात माणसं शिकली, बदल्या झाल्या, रिटायर झाली, आणि २०००-०१ मध्ये सरकारी बँकांतनं लाखभर माणूस व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेऊन बाहेर पडला, पैसे घेऊन. तेव्हा 'टेक्नॉलॉजीनं नोकऱ्या जात नाहीत' असा सरसकट नियम ह्याच्यातनं काढू नका. ज्याच्याशी बोलून, ज्याच्या वेगानं मशीन आली त्याचं भलं झालं, एवढंच त्यातनं निघतं.

दुसरं पेटंट वाक्य म्हणजे 'लाँग रनमध्ये नवीन कामं तयार होतातच'. होतात, मी नाही म्हणत नाही. घोड्याच्या टांग्याचं उदाहरण देऊन देऊन लोकांनी टांगा पार झिजवलाय. पण इंग्लंडात यंत्रं आली तेव्हा सुद्धा कारखान्याचं उत्पादन धडाधड वाढत होतं आणि मजुराची खरी मजुरी मात्र दोन पिढ्या जवळपास जागेवरच होती असं तिथले इतिहासकारच सांगतात. १८११ पासून ज्या विणकरांनी नॉटिंगहॅमकडं यंत्रं फोडली त्यांना आपण अडाणी म्हणून हसतो, ते अडाणी नव्हते, चांगले कारागीर होते, आणि सरकारनं १८१२ ला यंत्र फोडणाऱ्याला फाशीचा कायदा केला. त्यांच्या नातवंडांचं चांगलं झालं असेल. कोयत्याचा सीझन पाच महिन्यांचा असतो, उचल एका वर्षाची, लाँग रन त्यात कुठं बसवायचा ते मला सांगा.

आता तुम्ही म्हणाल बेरोजगारीचा आकडा तर कमी आहे. सरकारचा जो मोठा सर्वे असतो, पीएलएफएस, त्यात २०२३-२४ ला देशातली बेरोजगारी ३.२ टक्के आली. खोटा नाही तो आकडा. पण तो मोजतात कसा ते बघा. वर्षातनं तीसेक दिवस जरी काहीतरी काम केलं तरी माणूस कामवाल्यात धरला जातो, आणि आठवड्याच्या हिशोबात तर एक दिवस एक तास केलं तरी. मामा त्या सीझनला तोडीला गेले नाहीत, पण दोन आठवडे कापूस वेचला, शेजाऱ्याच्या विहिरीवर गेले, घरची एकरभर तूर सांभाळली, मामी खुरपायला गेली. सर्वेवाला आला असता तर त्यानं दोघांच्याही पुढं 'कामावर' लिहिलं असतं आणि नियमानं ते बरोबरच. आपल्यासारख्या देशात गरीब माणसाला बेरोजगार राहणं परवडतच नाही, तो काही ना काही करतोच. त्याच सर्वेत शेतीवरच्या माणसांचा हिस्सा ४६ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि करोनाच्या आधीपेक्षा तो वाढलाय. माणसं शेतीतनं बाहेर पडायची तर उलटी आत चाललीत. मशीननं मोकळी झालेली माणसं तिथंच मुरतात, जसं पाणी वाळूत.

माझ्या ऑफिसचं सांगतो, म्हणजे ही गोष्ट फक्त फडातली नाही हे कळंल. पुण्यात एका कंपनीत मी बिलं बघतो. सप्लायरची बिलं स्कॅन होऊन येतात, नाव, जीएसटी नंबर, रक्कम, पीओशी, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरशी, जुळवायचं, एंट्री मारायची. मी लागलो तेव्हा आम्ही अकरा जण होतो. मग सॉफ्टवेअर आलं, ते बिल वाचतं, भरतं, आणि जिथं अडलं तिथं लाल करून माझ्याकडं पाठवतं. सुरुवातीला हसायचो आम्ही, एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या हातानं लिहिलेल्या बिलात सात हजारचे एक हजार वाचले होते त्यानं, कारण तो माणूस सात आणि एक सारखेच काढायचा. मी ते दुरुस्त केलं. पुढच्या महिन्यात त्याच माणसाचं बिल आलं, तसाच सात, आणि सॉफ्टवेअरनं बरोबर सात वाचला. तेव्हा पोटात जरा कसंतरी झालं राव. रोज आठ तास बसून मी त्याला शिकवत होतो, आणि ते काही माझ्या जॉब डिस्क्रिप्शनमध्ये नव्हतं.

कोणाला काढलं का? नाही. एचआरनं शपथेवर सांगितलं असतं, एकालाही काढलं नाही. एक पोरगी लग्न होऊन नाशिकला गेली, तिची जागा भरली नाही. एक जण दुसरीकडं गेला, भरली नाही. एक सर रिटायर झाले, केक कापला, भरली नाही. आज आम्ही चौघं आहोत. ज्या सात जागा होत्या त्यावर जी बीकॉम झालेली पोरं लागली असती ती पोरं आत्ता कुठं आहेत कोणाला माहीत, आणि त्यांनाही माहीत नाही की त्यांची नोकरी गेली, कारण ती निघालीच नाही. मामांचा मुकादम आणि आमचा एचआर, कपडे वेगळे, बाकी सेम.

ती पोरं कुठं आहेत ते मला मात्र गावाकडं गेलं की दिसतं. पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर पळत असतात. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांना साडेसतरा लाखाच्या वर अर्ज आले होते, एका जागेला शंभर. २०२३ च्या तलाठी भरतीला साडेचार हजाराच्या आसपास जागा आणि अर्ज दहा लाखाच्या पुढं. ह्यांना कोणी आळशी म्हणलं की डोकं फिरतं माझं. ती सरकारी नोकरीच्या मागं का आहेत? एसी आणि खुर्चीसाठी नाही. ती नोकरी लिहिलेली असते म्हणून. तिथनं तुम्हाला कोणी न बोलवून घालवू शकत नाही.

गंमत बघा, महाराष्ट्रानं हे सगळ्यात आधी ओळखलं होतं. १९७२ च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला लागली तेव्हा विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागेंची रोजगार हमीची कल्पना उभी राहिली, १९७७ ला कायदा झाला, काम मागणं हा हक्क झाला, पुढं देशानं तेच उचललं. आमच्याकडं त्या कामाला अजून म्हातारी माणसं 'मस्टर', म्हणजे हजेरीपट, म्हणतात, मस्टरवर गेलो होतो म्हणतात. नियमात ठेकेदार चालत नाही, माणसाचं काम खाणारं मशीनही चालत नाही. आणि गावात काय होतं? जेसीबी दोन दिवसात शेततळं खांदून जातो आणि मस्टरवर वीस माणसांची नावं चढतात. म्हणजे इथं नाव आहे तर काम नाही, तिकडं फडात काम आहे तर नाव नाही. हे वाक्य मी मामांना ऐकवलं तर ते म्हणले, "तुला आत्ता कळलं व्हय?"

मग करायचं काय? मला वाटतं एक गोष्ट अगदी साधी आहे आणि ती मशीननंच शक्य केलीय. आज कारखान्याच्या काट्यावर पडणाऱ्या प्रत्येक टनाची कॉम्प्युटरवर नोंद होते, शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, गाडीचा नंबर, वाहतूकदार, टोळीचा मुकादम. फक्त ज्यानं तोडला त्याचं नाव नसतं आणि ज्या बाईनं मोळी वाहिली तिचं तर नसतंच नसतं, ती नवऱ्याच्या कोयत्यातली अर्धी. तिथं दोन रकाने वाढवायला किती खर्च येतो? उसाच्या जातीचा रकाना आहे, तोडणाऱ्याचा नाही. ते दोन रकाने भरले की बाकीचं आपोआप येतं, किती सीझन केले, किती टन तोडले, भविष्यनिर्वाह कोणी भरायचा, आणि ज्या कारखान्याकडं मशीन वाढली तिथनं नेमके कोणते कोयते कमी झाले. आज ऊसतोड कामगार किती, हे विचारलं तर कोण आठ लाख म्हणतं, कोण बारा, कोण पंधरा. राज्यात दहा-दहा कोटी टन ऊस किलोपर्यंत मोजणारी यंत्रणा आहे आणि माणसं मोजताना पाच-सात लाखाचा फरक पडतो.

आणि दुसरं अनुदानाचं. ३५ लाख देताय तर त्यातले थोडे त्या पन्नास कोयत्यांना द्या. भीक नको, ऑपरेटरचं ट्रेनिंग द्या, हार्वेस्टर चालवणारा, त्याचा हेल्पर, इनफिल्डर, म्हणजे तोडलेला ऊस रानातनं बाहेर काढणारी ट्रॉली, ओढणारा, वर्कशॉपवाला, एका मशीनमागं पाच-सात माणसं लागतातच ना, ती जुन्या टोळीतनं घ्यायची सक्ती करा. पन्नास-साठ माणसांचा गट करून यंत्र त्यांच्याच नावावर द्या की. अहो सहकाराचं राज्य आहे हे, साखर कारखाना शेतकऱ्यांच्या मालकीचा होऊ शकतो हे ज्यांनी प्रवरानगरला सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी दाखवून दिलं, त्यांना तोडणाऱ्याच्या मालकीचं यंत्र काय अवघड आहे? लोक म्हणतील अडाणी माणसं कोटीचं यंत्र चालवणार का. उसाच्या सरीतनं अंधारात कोयता चालवणाऱ्याला जॉयस्टिक जमणार नाही असं ज्याला वाटतं त्यानं एकदा फडात जाऊन यावं. गावातली दहावी नापास पोरं जेसीबीनं काडेपेटी उचलून दाखवतात.

पैसा नाही असंही नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडनं टनाला १० रुपये आणि तेवढेच सरकारकडनं घ्यायचं ठरलेलं आहे. दहा कोटी टन धरले तर एका बाजूचे शंभर कोटी, दोन्ही बाजूंचे दोनशे. वर्षाला. हॉस्टेलं, विमा, ह्यासाठी तो पैसा आहेच, पण मशीन येणार हे माहीत असताना तोडणीचं काम सुटलेल्यांसाठी त्यात वेगळं काही ठेवलं पाहिजे हे कोणाच्या डोक्यातच नाही, कारण काम सुटलं हे कुठं दिसतच नाही ना. परत तिथंच येतो आपण.

दिवाळीत गेलो होतो मामांकडं. ओसरीवर बसलो होतो, समोरनं दोन ट्रक गेले माणसं भरलेले, शेवटचे, मागच्या फळक्यावर एक शेळी बांधलेली. मामी दारात येऊन बघत उभी राहिली, कोण कोण आहे त्यात ते. मामा उठून आत गेले आणि प्लास्टिकच्या पिशवीतनं एक कार्ड घेऊन आले. ग्रामसेवकानं सर्वे केला होता मागं, त्यातलं ओळखपत्र, फोटो मामांचा, खाली लिहिलेलं ऊसतोड कामगार. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या कामाचं नाव कुठंतरी छापून आलेलं. कार्ड हातात पडलं श्रावणात, आणि त्याच सालापासून तोड बंद.

मी उलटंपालटं करून बघितलं. मामांनी विचारलं, "काय लिव्हलंय मागं?"

मी म्हणलं, हरवल्यास कळवा म्हणून लिहिलंय.

"काय हरवल्यास?"

"कार्ड, मामा."

मामा हसले, कार्ड परत पिशवीत घातलं, पिशवीला गाठ मारली आणि म्हणले, "बरं, ते मशीन चालवायला लायसन कोणतं लागतं रे? ट्रॅक्टरचं चालतंय का?"